आंबीच्या वावरात भगवानराव

भगवानरावाच्या धोतरावर देवीचं कुंकू उतरलं होतं, असं सांगणारे दोन-चार म्हातारे सुलतानपुरात आजही सापडतीन. त्याहीच्या तोंडाकडं पाहून हाव म्हणा अन् पुढं चालू लागा. ज्याच्या डोक्यात कुटार भरलं हाय त्याच्यासंगं तोंड वाजवून काय फायदा? खरी गोठ मले मालूम हाय, काऊन का ते कुंकू म्या पेरलं होतं.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तवाची गोठ हाय. मी लग्न होऊन या गावात आली त्याले थोडेच दिवस झाले होते. आमच्या शेजारी मनकर्णाबाई राहे. नवरा वारलेला, लेकरू नाही, अन् नदीच्या अंगानं एक वावर. वावर तरी कसं! मातीत बोट खुपसून बसलं तं बोटाले पालवी फुटे. म्या सोता एक डाव खुपसलं होतं, नखाजवळून कोंब निंघाला, सासूनं उपटला. तुमाले खोटं वाटत असंन तं वाटू द्या.

त्या साली तिनं साऱ्या वावरात हरबरा पेरला. थंडी चांगली पडली, दहिवर चांगलं पडलं, झाडाले घाटे असे लदबदले का झाडं एकमेकाच्या खांद्यावर मान टाकून उभी. अन् तवाच घाटे चोरीले जाऊ लागले. दररोज सक्काळी पाहावं तं एक पट्टा ओरबाडलेला. बाई माळ्यावर बसून राखण करे, रातभर डोळा लावत नव्हती. पण चोर यायचा पायटी, तांबडं फुटायच्या आधी, धुकं उतरलं का. अन् आमच्या नदीचं धुकं म्हणजे असं, का गाईले आपलं शेपूट सापडत नव्हतं, दुसरीचंच हालवे.

अन् संध्याकाळ झाली का भगवानराव तिच्या दारात हजर. गावातला मोठा वावरवाला माणूस. मिशा मोठ्या, पोट मोठं, आवाज मोठा. आतमधी काय होतं ते मले कधी दिसलं नाही.

"वहिनी," तो म्हणे, "शेत राखणं बाईमाणसाचं काम नोहे. म्या पहिलेच म्हणलं होतं. बटईनं देऊन टाका मले. अर्धं तुमचं, अर्धं माहं. घरात बसून खा."

"घरात बसून काय खाऊ?" मनकर्णाबाई म्हणे. "झुंबरबाईचं वावर तुमी बटईनं घेतलं. तिच्या वाट्याले कुटार आलं. ते तिची म्हैस खाते. मी म्हैस नोहो."

तो हासे. मिशीवरून हात फिरवे. म्हणे, "महादेवराव येऊ द्या. मंग पाहू."

हा महादेवराव म्हणजे मनकर्णाबाईचा दीर. मेहकरले कचेरीत कारकून होता. वावर दोघा भावाच्या नावावर, म्हणून त्याच्या शब्दाले वजन. त्यानं सांगावा धाडला होता का संक्रात झाली का येतो. तवापर्यंत वहिनीले शेत सांभाळता आलं तं ठीक, नाही तं भगवानरावाले बटईनं देऊन टाकतो, रोजचा घोर कायले? आता दीर आला अन् वावर अर्धं ओरबाडलेलं दिसलं, तं मनकर्णाबाईच्या हातून वावर गेलंच. तिले त्या वावराबिगर जगात दुसरं काई नव्हतं. रडत नव्हती ते. पण तिच्या चुलीवरची भाकर दररोज करपे, त्याच्यावरून मी काय ते समजे.

आमच्या ओसरीवर तवा वैजनाथ मास्तर राहे. नवा पोरगा, मेहकरचा, शाळेत नवाच लागलेला. सरकारनं शाळेले एक पेटी धाडली होती, तिच्यात काचेच्या नळ्या, शिशा अन् एका डबीत पिवळ्या कागदाच्या पट्ट्या. मास्तर ते पट्ट्या घेऊन दिसंन त्याच्यात बुडवून पाहे. लिंबात बुडवली, लाल झाली. साध्या पाण्यात बुडवली, हिरवट. लोणारच्या तळ्यावरून आम्ही बाया कपडे धुवाले अन् पापडात टाकाले खार आणत होतो, त्याच्या पाण्यात बुडवली तं निळी-जांभळी. साऱ्या गावात तो हेच करत फिरला. माह्या सासूच्या जिभेले पट्टी लावली तं पट्टी जळूनच गेली. मास्तरनं दोन दिवस डबी उघडली नाही.

"हे कायचं खेळणं हाय, मास्तर?" म्या इचारलं.

"खेळणं नाही, वहिनी. याला पीएच म्हणतात. कोणती वस्तू किती आंबट अन् किती खारी, त्याचा नंबर. साधं पाणी सात. सातच्या खाली गेलं की आम्ल, म्हणजे आंबट. सातच्या वर गेलं की अल्क, म्हणजे खार. लिंबू दोनच्या जवळ. तुमचं लोणारचं तळं दहाच्या वर."

"म्हणजे लिंबात अन् चिंचेत एखाद्या नंबराचा फरक पडला, तं तेवढंसं काय झालं?"

"तेवढंसं?" मास्तर उठून बसला. "एक नंबर खाली म्हणजे दहापट आंबट. दोन नंबर खाली म्हणजे शंभरपट."

म्या म्हणलं, ज्यानं हा हिशोब काढला त्याची सासू बी माह्या सासूसारखी असंन. पण मनात ठेवलं, सासू आतमधीच होती.

"अन् वहिनी," मास्तर म्हणे, "हा कागद नसला तरी चालते. हळदही तेच सांगते. खार लागला की..."

"लाल होते!" म्या म्हणलं. "मले सांगून राह्यले का? हळदीच्या हातानं कपड्याले खार लावून पाहा एक डाव. वरणाचा डाग पडलेलं धोतर धुताना दरसाल पाहतो आमी. कुंकू काय आभाळातून पडते? हळदीले खार अन् चुना लावूनच बाया कुंकू करते. लिंबू पिळलं का परत पिवळं."

मास्तर हासला. "मग तुम्हाला शाळेत यायची गरज नाही."

"मले नाही. पण कोणाले तरी हाय," म्या म्हणलं, अन् बोलता बोलता माह्या डोक्यात ते शिजलं.

हरबऱ्याची आंब तुमाले मालूम नसंन, आजकाल हरबरा पुडीतून येते. हरबऱ्याले घाटे लागले का झाडाच्या अंगावर आंब सुटते. पायटी दहिवर पडलं का साऱ्या झाडावर आंबट पाणी. आमी बाया पांढरं फडकं झाडावरून ओढत नेत होतो अन् पिळून शिशीत भरत होतो. पोट दुखलं का थेंबभर पाण्यात टाकून द्यायची. मास्तरनं त्याच्यात पट्टी बुडवली तं लिंबाहून लाल. पण आंब असते हावरी. वाहना खाते, लुगड्याचा काठ खाते, फडकं तं चार दिसात चाळणी करते. म्हणून हरबऱ्यात पायटी जाची बाई अनवाणी जाते, लुगडं गुडघ्यावर खोचून. माणसं असं नाही करत. त्याहीचे कपडे धुणारी दुसरी असते, त्याहीले काय पडली?

म्या मनकर्णाबाईले सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मांगं ओढलं. मंग म्हणे, "हळद किती लागंन?"

दिवस मावळताना आमी दोघी वावरात गेलो. जिकडून चोर येत होता तिकडच्या झाडाहीवर पिठासारखी हळद पेरली. आमच्या घरची हळद म्हणजे, डब्याचं झाकण उघडलं का शेजारची म्हैस पिवळं दूध दे. चोराच्या कपड्याले ते लागंन, आंबीच्या ओलीत चिकटंन, पिवळी राहीन. हरबऱ्याचा, मातीचा डाग बी पिवळाच दिसते, चोराले काई वाटणार नाही. पण धुवाले गेलं अन् खार लागला का बोलायले लागंन. अन् साऱ्या गावाचे कपडे धुवाले जागा एकच, नदी. आमाले फक्त धुणं घेऊन जाऊन बसायचं होतं.

जास्त दिवस बसा लागलं नाही. गोजरबाई आली, भगवानरावाची बायको. गाठोडं सोडलं, धोतर काढलं. गुडघ्याखाली पिवळं. तिनं खार चोळला, तसा रंग साऱ्या धोतरात पसरला. धोतर लाल झालं. असं लाल का नदीतले मासे घाबरून पलीकडच्या काठाले गेले.

गोजरबाईनं धोतर पाण्यात धरलं, वर केलं, पाह्यलं. मंग आमच्याकडं पाह्यलं.

"हे हळद हाय," ते हळूच म्हणे.

"हाव नं," मनकर्णाबाई म्हणे. "अन् वरची आंब हाय. वास घे. तुमच्या वावरात यंदा हरबरा कुठं हाय, गोजरबाई?"

"कुठंच नाही. सारी पऱ्हाटी हाय, कापूसच कापूस."

तिनं धोतर पिळलं, गाठोडं बांधलं, अन् गेली. आमाले वाटलं झालं. चोर सापडला, आता चावडीवर सांगायचं तेवढं राह्यलं. बाईमाणसाची अक्कल पाहा, आमाले वाटलं का खरं सापडलं म्हणजे काम झालं!

घरी काय झालं ते गोजरबाईनं मले मागून सांगितलं. भगवानरावानं लाल धोतर पाह्यलं अन् आधी "रक्त!" म्हणून भिंतीले जाऊन चिकटला. गोजरबाई म्हणे, "रक्त नोहे, हळद हाय. खारानं लाल होते." त्यावर तो काय म्हणला असंन? म्हणे, "तुले काय कळते? हळद पिवळी असते." जन्मात एक फडकं ज्यानं धुतलं नाही, ज्याच्या धोतरावर वरण सांडलं का बायको धुते, तो बायकोले सांगून राह्यला हळदीचा रंग!

तेवढ्यात कडूबा आला. कडूबा म्हणजे भगवानरावाची सावली, फक्त सावलीले तंबाखू लागत नाही अन् याले लागे. त्यानं धोतर पाह्यलं अन् तिथंच लोटांगण घातलं. "कुंकू! भाऊ, देवी पावली तुमाले!"

भगवानराव भिंतीपासून सुटला. मिशीवरून हात फिरवला. म्हणे, "मले बी तसंच वाटून राह्यलं होतं."

गोजरबाई म्हणे, "मंग म्या म्हणलं, जाऊ दे. दोन डाव सांगितलं असतं तं तिसऱ्या डाव मलेच मारलं असतं. देवी पावली तं पावली. म्या चूल पेटवली."

आता गंमत पाहा. चोरीचा पुरावा, जो माणसानं मातीत गाडून टाकायचा, तो या गाढवानं कमरेले गुंडाळला अन् साऱ्या गावात मिरवला! सक्काळपासून चावडीच्या ओट्यावर लाल धोतर नेसून बसे. लोकं नारळ आणे. पायावर डोकं ठेवे. एकानं आजारी बैल आणला, बैलानं धोतराले तोंड लावलं अन् थुकून देल्लं. त्या बैलाले साऱ्या गावात जास्त अक्कल होती. नारळ फोडणाऱ्याहीच्या रांगेत माहा नवरा बी होता, पण नवऱ्याचं नाव घेत नाही म्हणून सांगत नाही.

मनकर्णाबाई चावडीवर गेली. उभी राहून सांगितलं, "ते हळद हाय. माह्या वावरातली. खारानं लाल झाली."

सारी माणसं तिच्यावर चिडली. "देवीच्या कुंकवाले हळद म्हणतं, बाई?" "जिच्या कपाळी कुंकू नाही तिले कुंकू काय कळते?"

हे शेवटचं कडूबा बोलला. मनकर्णाबाई घरी आली. त्या दिवशी तिनं भाकर केलीच नाही.

मास्तर बी गेला होता चावडीवर. पट्टी, नळी, सारं घेऊन. त्यानं फळ्यावर सांगतात तसं सांगितलं, आम्ल, अल्क, दर्शक. भगवानराव म्हणे, "मास्तर, तुमच्या पुस्तकात देवी हाय का?" मास्तर म्हणे, "नाही." "मंग बसा खाली." अन् मास्तर बसला. बिचाऱ्याची शाळा त्याच चावडीच्या मागच्या खोलीत भरे.

संक्रात झाली. महादेवराव यष्टीतून उतरला, डोक्याले टोपी, काखेत छत्री. थंडीत छत्री! कचेरीतल्या माणसाले आभाळाचा भरोसा नसते. घरी यायच्या आधी कडूबानं त्याले चावडीवर नेलं. भगवानराव लाल धोतर पसरून बसलेला, भोवती नारळाची रास.

"महादेवराव," तो आवाज खाली करून म्हणे, जसं काई देवीच घशात बसली, "माहं काई म्हणणं नाही. पण देवीचा कौल हाय. नदीकाठचं वावर माह्या हाती यावं. तिथं पाप होऊन राह्यलं, घाटे चोरी जाऊन राह्यले. देवीले सहन होत नाही."

महादेवरावानं हात जोडले. तो वाईट माणूस नव्हता. पण चार माणसं मान हालवत असले का त्याची मान आपोआप हाले. म्हणे, "देवीच म्हणत असंन तं माहं काय अडते?"

कळलं तसं आमी बी चावडीवर धावलो होतो, मी मनकर्णाबाईच्या मांगं उभी होती. म्हणलं, गेलं वावर. बाईचे हात पाह्यले, पदराची गाठ अशी आवळली होती का बोटं पांढरी.

"भाऊजी," ते बोलली, अन् आवाज एकदम साधा, "देवी म्हणत असंन तं मी कोण आडवी येणारी? पण माहं एक ऐका. देवीनं ज्या वावराचा कौल देल्ला, त्या वावरात देवीचं पाऊल तं पडू द्या. उद्या पायटी, भगवानरावानं हेच धोतर नेसून हरबऱ्यातून चालावं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. धोतर लालच राह्यलं तं वावर त्याहीचं. बटईनं नाही, कायमचं देते."

सारी चावडी हरखली. "वा! वा!" माणसाले दुसऱ्याचं वावर जाताना पाहाले लय आवडते. भगवानराव हासला. असा हासला का वरचे दोन किडके दात मले पहिल्या डाव दिसले.

"उद्या कायले, आत्ताच चालतो," म्हणे.

"नाही नाही," मनकर्णाबाई म्हणे, "देवीचं काम हाय. पायटी, धुतलेल्या अंगानं."

घरी आल्यावर मास्तर माह्याकडं आला. तोंड उतरलेलं. "वहिनी, बाईनं घाई केली."

"काऊन? आंबीनं लालचं पिवळं होत नाही का?"

"होते. पण त्या धोतरात खार आहे. गोजरबाई रोज खारात धुते, आता तर देवीचं म्हणून पहिल्यापेक्षा जास्तच. आंब लागली की आधी ती त्या खाराशी भांडणार. आंब खाराला खाणार, खार आंबीला. दोघं मरतात, पाणी अन् मीठ उरते. सारा खार संपल्याशिवाय रंग फिरत नाही. दहिवर भरपूर पडलं तर ठीक." तो बाहेर गेला, वर पाह्यलं. "अन् आभाळ येऊन राह्यलं. आभाळ आलं की दहिवर पडत नाही."

म्या मनकर्णाबाईले जाऊन सांगितलं. ते तांदूळ निवडत होती. खडा काढून फेकला. म्हणे, "मले मालूम हाय. म्हणूनच म्या टोकापर्यंत म्हणलं. एका पट्ट्यानं होणार नाही."

"अन् आभाळाचं?"

तिनं सूप परत पुढं ओढलं. तांदूळ निवडलेले होते तरी परत निवडत बसली.

पायटी मी बाहेर आली अन् पहिले अंगणातल्या तुळशीवर हात फिरवला. ओला! आभाळ गेलं होतं. दहिवर असं पडलं होतं का कोंबडा आरवाले तोंड उघडे अन् चूळ भरून बंद करे.

सारं गाव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभं. माणसं घोंगड्यात, बाया डोक्यावरून पदर घेऊन. मनकर्णाबाईचा नवा बांधलेला धुरा माणसाच्या वजनानं खचून राह्यला होता, पण त्याचं कोणाले काय? भगवानराव आला. लाल धोतर, कपाळाले बुक्का, पायात नव्या वाहना. कडूबा मांगून घंटी वाजवत.

"बोला देवीच्या नावानं!" अन् उतरला वावरात.

चालू लागला. झाडं गुडघ्याएवढी, आंबीनं चिंब. पहिला पट्टा संपला. धोतर लाल. दुसऱ्या पट्ट्याच्या अर्ध्यावर गेला, लालच. ओलं झालं तसं जास्तच लाल दिसाले लागलं. लोकं ओरडले. महादेवराव टोपी काढून डोळे पुसत होता. मास्तरचं तोंड पांढरं. मी मनकर्णाबाईचा हात धरला.

भगवानराव थांबला. वळला. "पाह्यलं?" अन् धुऱ्याकडं पाय टाकला.

"थांबा!" मनकर्णाबाई अशी ओरडली का झाडावरचे कावळे उठले. "टोकापर्यंत म्हणलं होतं. देवी अर्ध्यातून परत जाते का? का देवीचे पाय दुखून राह्यले?"

लोकं हासले. भगवानरावाच्या मिशा फुरफुरल्या. "टोकापर्यंत जातो. परत बी येतो. डोळे भरून पाहा!"

अन् गेला. आता रागानं गेला, तं पाय आपटत गेला, झाडं झोडपत गेला. आंब उडून मांड्यापर्यंत. अन् तवा मले दिसलं. पायाच्या घोट्याजवळ एक पिवळा ठिपका. मंग दुसरा. मंग काठ पिवळा. मंग तो पिवळा वर चढाले लागला, जसं काई धोतर लाजून राह्यलं. टोकाले पोहोचला तवा गुडघ्यापर्यंत पिवळा, परत आला तवा कमरेपर्यंत. त्याले सोताले दिसत नव्हतं, पोट आडवं येत होतं. तो आपला हात वर करून, "बोला! बोला!" म्हणत येऊन राह्यला. कोणी बोलेना.

कडूबाची घंटी थांबली. पण हार मानंन तं कडूबा कायचा? "देवी वावरात उतरली!" तो ओरडला. "भाऊच्या धोतरातून वावरात उतरली! वावर भाऊचंच!"

अन् लोकाहीच्या माना, सांगते तुमाले, परत हालाले लागल्या! महादेवरावाची बी. मले वाटलं या साऱ्या माना एकदाच पिरगाळाव्या.

तवा बायाहीतून गोजरबाई पुढं आली. डोक्यावर घागर, काखेत गाठोडं. वावरात उतरली, नवऱ्यासमोर उभी राह्यली.

"देवी खाली उतरली म्हणता नं? थांबा, मी परत बलावते." अन् घागर त्याच्या धोतरावर ओतली. खाराचं पाणी. धोतर फसफसलं, अन् सर्र करून परत लाल! गोजरबाईनं हरबऱ्याचं एक ओलं झाड उपटलं, नवऱ्याच्या मांडीवर चोळलं. तिथं पिवळा पट्टा. झाड फेकलं. "गेली. आणू का परत? घागरीत हाय अजून. तुमी म्हणा तेवढ्या डाव आणते."

कोणी तरी हासलं. मंग सारा धुरा हासला. मास्तर तं खालीच बसला हासत हासत.

"अवं, काय करून राह्यली तू?" भगवानरावानं बायकोवर हात उगारला. गोजरबाई हालली नाही. तिनं काखेतलं गाठोडं सोडलं अन् त्यातले धोतरं एकेक करून महादेवरावाच्या हातावर टाकले.

"भाऊ, कचेरीत तुमी कागद वाचता. हे वाचा."

महादेवरावानं एक धोतर उघडून धरलं. गुडघ्यावर चांगलं, गुडघ्याखाली चाळणी. दुसरं, तसंच. तिसऱ्यातून त्याले सारं गाव दिसलं असंन, एवढी भोकं.

"हे आंबीनं खाल्लेलं हाय," गोजरबाई म्हणे. "कोणत्याही बाईले इचारा. दररोज पायटी हरबऱ्यात फिरल्याबिगर असं होत नाही. अन् आमच्या वावरात हरबऱ्याचं एक झाड नाही. कोठ्यात घाट्याची रास हाय, मीच पाल्याखाली झाकली. आता झाकणार नाही."

भगवानराव पळाले गेला. पण हावऱ्या आंबीनं सोडलं नव्हतं. रोजच्या त्या धोतराचा काठ झाडात अटकला, अन् टर्र! गुडघ्याखालचं अर्धं धोतर वावरातच राह्यलं. बाकीचं अर्धं घेऊन तो पळत गेला, नव्या वाहना चिखलात सोडून. तो नदी ओलांडून गेला म्हणते, अन् नदीच्या पाण्याले दुपारपर्यंत आंबट चव होती. म्या चाखली. मास्तरनं पट्टी टाकली, तं सहा आली.

धुऱ्यावर महादेवराव ते भोकाचं धोतर हातात घेऊन उभा. काय करावं समजेना. मंग वहिनीजवळ आला. खाली मान घालून हळूच म्हणे, "वहिनी, चुकलं माहं. वावर तुमीच करा. मी मधात येत नाही."

"मले कायले सांगता, भाऊजी?" मनकर्णाबाई म्हणे. "मले तं पहिलेच मालूम होतं. ज्याहीनं नारळ फोडले त्याहीले सांगा. मोठ्यानं."

महादेवरावानं घसा साफ केला. आयुष्यात त्यानं कधी मोठ्यानं सांगितलं नसंन. पण सांगितलं. "हे वावर माह्या वहिनीचं हाय! तेच करंन! कोणी बटईची गोठ काढायची नाही!"

लोकं आता त्यालेच मान हालवू लागले. काऊन नाही हालवणार, त्याहीच्या माना हालवाले तं देल्ल्या होत्या.

मनकर्णाबाईनं लुगडं गुडघ्यावर खोचलं. भगवानरावानं तुडवलेल्या झाडाकडं निंघाली, एक झाड उभं केलं, त्याच्या बुडाशी माती दाबली. मंग मांगं वळून पाह्यलं, तं सारं गाव अजून तिथंच उभं.

"काय पाहून राह्यले?" ते म्हणे. "उतरा माह्या धुऱ्यावरून. सारा खचवला."

अन् सारं गाव, कडूबा अन् महादेवरावासंगं, एकामांगं एक खाली उतरलं.